एकट्या माणसाची फी

राजकोट
१४ ऑगस्ट १९९९

ति. आक्कास,
मिलिंदचा नमस्कार. मी इकडं बरा हाय. आईच्या हाताचं कसं हाय ते कळवणे.

पत्र लिहायचं कारण असं की मी एक यंत्र केलं हाय. हसू नको. उसाच्या कांड्या तोडायचं यंत्र. आई लागणीच्या दिवसात बांधावर बसून कोयत्यानं बेणं तोडती. घाव जरा चुकला की कांडीचा डोळा जातो, न्हाईतर बोट जातं. डोळा गेला तर कांडी उगवत न्हाई आन् मालक शिव्या देतो. बोट गेलं तर कुणीच काय देत न्हाई. आईची दोन बोटं शेंड्याला न्हाईत ते काय मी तुला सांगायला नको.

आमच्या वर्कशॉपात कडबाकुट्टीची यंत्रं बनतात. एक जुनं पातं भंगारात पडलं हुतं. त्याला पायानं दाबायचा दांडा जोडला. ऊस ठेवायला नळी उभी चिरून तिची अर्धी बाजू बसवली, आन् त्या नळीला एक खाच पाडली. उसाचा डोळा त्या खाचंत बसला की पातं त्येच्यापासून दोन बोटं लांबच पडतं. चुकायचं म्हणलं तरी चुकत न्हाई. माणूस उभा, हात लांब, काम पायाचं. बाजारातनं ऊस आणून तोडून बघितला. लय झकास तुटतो.

आमचा फोरमन हंबीरराव कराडकडचा हाय. मिलिटरीच्या वर्कशॉपातनं हवालदार म्हणून रिटायर झालाय. मी त्येच्याच खोलीवर ऱ्हातो, एका ताटात जेवतो. मला पोरासारखं बघतो. त्यो म्हणला, "गड्या, ह्येचं पेटंट कर. न्हाईतर दिवाळीपातूर धा जण हेच बनवून इकतील आन् तू बसशील गाठिया खात." ड्रॉइंग त्यो काढून देणार हाय. त्येचा हात ड्रॉइंगला लय साफ.

तू विश्रामबागेत वकिलाच्या हापिसात टायपिंगला हायस, तर पेटंट कसं काढतात, फी काय पडती ते साहेबांना इचारून कळव.

पाकिटावर एम. एन. कुंडलकर असंच लिहीत जा. इथं दोन मिलिंद हायत, पोस्टमन घोळ घालतो.

तुझा
मिलिंद

●

विश्रामबाग, सांगली
३० ऑगस्ट १९९९

चि. मिलिंद यास आक्काचा जयभीम.

जयभीम लिहायला तुझी शाई कमी पडली का? आणि दोन मिलिंद आहेत तर आहेत, दोघांची आडनावं कुंडलकर आहेत का? पोस्टमनचा घोळ मला काही कळला नाही. असो.

शनिवारी गावी कुंडलला गेले होते तेव्हा तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हातारपणी मला सायकल शिकवतोय व्हय ह्यो? पायानं बेणं तोडा म्हणं." शेजारच्या बनाबाईला हाक मारून तिलाही सांगितलं. दोघी खूप हसल्या. मग आई भाकरी थापायची थांबली आणि हाताकडं बघत बसली. तवा तापून धूर निघाला तेव्हा भानावर आली.

आता कामाचं. साहेबांनी मुंबईच्या ओळखीच्या वकिलाला फोन लावला. त्यांनी सांगितलं ते असं. गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडचे अर्ज मुंबईच्याच ऑफिसात जातात. आधी कच्चा अर्ज करता येतो, पक्का वर्षाच्या आत द्यायचा. अर्ज जाईपर्यंत यंत्र चारचौघांना दाखवत फिरायचं नाही, म्हणजे हंबीररावांच्या पुढं कुणालाच नाही. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे फी. ती यंदाच वाढली आहे, पण तू सवलतीत बसतोस. अर्ज एका माणसाच्या स्वतःच्या नावानं असेल तर फी कमी. कंपनीच्या नावानं असेल तर तिपटीहून जास्त. दोघांनी मिळून अर्ज केला तरी दोघंही माणसंच असली तर कमीच. मध्ये कंपनी शिरली की सवलत गेली. एवढंच बघतात, बाकी काही नाही.

तेव्हा तुझं पूर्ण नाव, पत्ता आणि यंत्राची माहिती लिहून पाठव. मी इंग्रजीत टाइप करते. साहेब एकदा नजर घालतील, फुकट, मी विचारलंय.

आईचा हात थंडीत दुखतो. आता थंडी नाही.

तुझी
आक्का

●

राजकोट
१९ सप्टेंबर १९९९

ति. आक्कास,
तुझं पत्र पोचलं. तुला राग यील, पण लिहितो.

मला सवलत नको.

"तू सवलतीत बसतोस" इथवर वाचलं आन् पत्राची घडी घालून पेटीत ठेवलं. पुढचं वाचायची गरजच वाटली न्हाई. आक्का, तू शिकलीस, तुला ते जमलं. मला न्हाई जमलं. आईला वाटतं घरच्या अडचणीपायी मी शाळा सोडली. तसं न्हाई. आठवीत क्लार्क वर्गात यायचा आन् म्हणायचा, सवलतवाले हुबे ऱ्हावा. आमी चार पोरं उठायचो. नावं वाचायचा, सह्या घ्यायचा. मागल्या बाकावरनं पोरं म्हणायची, "उठले बघ सरकारचे जावई." मास्तर फळ्याकडं तोंड करून हसायचा. फी माफ हुती, पण रोज भरत हुतो मी. एक दिवस क्लार्कनं नाव वाचलं आन् मी उठलोच न्हाई. त्यानं दोनदा वाचलं. मी बसून. दुसऱ्या दिवसापासनं गेलोच न्हाई.

आता हे यंत्र माझ्या डोक्यातनं निघालंय. त्येला सवलत लावली की उद्या कुणीबी म्हणंल, ह्येला तसंच मिळालं. दाखला जोडायचा, त्यो वर्कशॉपच्या पत्त्यावर यायचा, मंग सगळ्यांच्या हातातनं फिरायचा. नको.

मी वर्कशॉपच्या शेठला इचारलं. शेठ म्हणला, "कंपनीच्या नावानं कर, पूरी फी कंपनी भरंल, तुझं नाव बनवणारा म्हणून आत लागंल." म्हंजे सगळ्यात मोठी फी, सवलत न्हाई, काय न्हाई. मी हो म्हणलं. दसऱ्याला सही करायची, मंग दिवाळीला हिशोबाच्या चोपड्यांसंगं कागदाची पूजा, आन् लाभपाचमीला दुकान उघडलं की मुंबईला रवाना. इकडं शुभ कामाचा कागद पूजेत ठेवायची रीत हाय.

हंबीररावानं ड्रॉइंग काढायला घेतलंय. मला वाटतं तू खूश व्हावंस.

तुझा
मिलिंद

●

विश्रामबाग, सांगली
४ ऑक्टोबर १९९९

मिलिंद,

खूश कसली होते. माझं पत्र पेटीतून काढ आणि पुढचं वाच. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? त्यात कुठं दाखला लिहिलाय? कुठं जात लिहिली आहे? ही सवलत आपली नाही रे. ही एकट्या माणसाची आहे. ज्याच्या पाठीमागं कंपनी नाही, त्याची. कुणाचा मुलगा, कुणाची जमीन किती, कुणी विचारत नाही. नाव विचारतात, पत्ता विचारतात, कुठल्या देशाचा ते विचारतात. झालं.

तुला पटत नसेल तर ऐक. आपल्या कुंडलच्या लालासाहेबांचा वीरधवल, वाड्यावरचा, इंजिनियर झालेला. त्यांचा ऊस किती आहे तुला माहीत आहे, आई त्यांच्याच बांधावर बेणं तोडायला जायची. त्या वीरधवलनं ठिबकच्या नळ्या गुंडाळायचं चाक केलंय. तो गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात आला होता. त्यानंही एकट्याच्या नावानं अर्ज केला, कमी फी भरली. सवलत मिळाली म्हणून पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. साहेबांना म्हणाला, "कंपनीच्या नावानं केलं असतं तर उगाच तिप्पट गेली असती." मलाही पेढा दिला. मी खाल्ला. तुझं पत्र त्याच दिवशी आलं होतं. त्याला सवलतीचे पेढे वाटावेसे वाटतात आणि तुला तिचं नाव ऐकून शाळा आठवते. आता सांग, यात लाजायचं कुणी.

आता नीट वाच. कंपनीच्या नावानं अर्ज गेला की यंत्र कंपनीचं. तुझं नाव आत कुठंतरी राहील, पण विकायचं कुणाला, बनवायचं कुणी, हे शेठ ठरवेल. आईला एक यंत्र द्यायचं म्हटलंस तरी विकत घ्यावं लागेल.

आणि आत नाव लागेल म्हणतोस, ते कुठलं? कांबळे की कुंडलकर? मी वेडी नाही. दोन मिलिंदांची गोष्ट मला पहिल्याच दिवशी कळली होती. वाटलं होतं तू आपणहून सांगशील. सरकारदरबारी कुंडलकर नावाचा माणूसच नाही. मग ते यंत्र केलं कुणी?

ड्रॉइंगच्या कागदावर वरच्या डाव्या कोपऱ्यात अर्जदाराचं नाव लिहितात, साहेबांनी सांगितलं. तिथं काय लिहायचं ते हंबीररावांनी तुला विचारलंच असेल. काय सांगितलंस?

सही करू नको. उलट टपाली कळव.

आक्का

●

विश्रामबाग, सांगली
२६ ऑक्टोबर १९९९

चि. मिलिंद यास जयभीम.

तुझं उत्तर नाही. दसरा झाला. आई विचारते, मी सांगते कामात आहे.

काल न राहवून एसटीडीवरून वर्कशॉपला फोन केला. नंबर तुझ्या मागल्या पत्राच्या कागदावर वरती छापलेला होता. एका माणसानं उचलला. मी म्हटलं, मिलिंद कांबळेला बोलवा. तो म्हणाला, "कांबळे? हितं कुणी कांबळे न्हाई, बाई." मराठीच होता, आपल्याकडचा. मी म्हटलं, नीट बघा, कुंडलचा मिलिंद. तो म्हणाला, "कुंडलचा एकच हाय, त्यो कुंडलकर."

आणि मी म्हटलं, हो, तोच. कुंडलकर.

तो तुला हाक मारायला गेला. बाहेर मशिनचा आवाज येत होता, त्यात तुला मारलेली हाक ऐकू आली, त्या नावानं. मी फोन ठेवला.

गेल्या पत्रात मी तुला मोठं मोठं सुनावलं. आणि स्वतःच्या तोंडानं माझ्या बापाचं नाव पुसून टाकलं, एका फोनवर, कुणी न मागता. एसटीडीवाल्यानं बिल दिलं तरी मी तिथंच उभी. इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. तुला मी काय बोलणार.

सही केली असलीस तरी कळव. नसलीस तरी कळव. नुसतं बरा आहे एवढं लिही.

आक्का

●

राजकोट
२१ नोव्हेंबर १९९९

ति. आक्कास,
मिलिंदचा जयभीम.

उशीर झाला, माफ कर. तुझं चार तारखेचं पत्र मी फोडलंच न्हवतं. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आन् वाटलं, आता शिव्या असणार. तसंच गादीखाली सरकवलं. आन् दसऱ्याला शेठच्या कागदावर सही केली. एम. एन. कुंडलकर. सही लय झोकात केली.

तुझा फोन हंबीररावानंच घेतला हुता. मी यीपर्यंत फोन बंद. त्यो मशिनपाशी परत कामाला लागला. खोलीवर आल्यावर हातपाय धुतलं, तंबाखू मळली आन् मंग इचारलं.

"कांबळे कोण रं?"

मी म्हणलं, "मी."

"आन् कुंडलकर?"

"कुंडलचा हाय म्हणून. तुमी पहिल्या दिवशी इचारलंत कुणाचा रं तू, तवा तोंडातनं निघालं."

त्यो तंबाखू मळतच ऱ्हायला. म्हणला, "माझ्या ताटात जेवलास इतकी वर्सं."

"व्हय."

"खरं सांगितलं असतं तर मी हाकलला असता, असं वाटलं व्हय तुला?"

मी म्हणलं, "वाटलं."

त्यानं तंबाखू तोंडात टाकली न्हाई. तशीच खिडकीतनं खाली सोडली. म्हणला, "तवा हाकललाबी असता बहुतेक." आन् चप्पल घालून भायेर गेला.

आक्का, त्यो खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. न्हाई कशी, तसलं कायतरी. पर बोलला न्हाई.

दुसऱ्या दिवशी त्यानं भाकरी दोघांच्याबी थापल्या. पण माझं ताट येगळं काढलं. येगळं ताट जातीपायी की मी फसवलं म्हणून, ते मला कळलं न्हाई. इचारायचा धीर झाला न्हाई. अजून न्हाई. सगळी दिवाळी आमी एका खोलीत दोन ताटांत जेवलो आन् मीठ द्या एवढंबी बोललो न्हाई.

ज्या रात्री त्यो भायेर गेला, त्याच रात्री मी तुझी दोन्ही पत्रं काढली. पेटीतलं पुढचं वाचलं, गादीखालचं फोडलं. पेढ्याचं वाचून मला आधी हसू आलं. मंग न्हाई आलं. मी आयुष्यात एक गोष्ट अशी केली की जिच्यावर कुणी सवलतीचा शिक्का मारू नये, आन् त्या भीतीपायी ती आख्खी दुसऱ्याच्या हातात दिली. आन् देताना मान ताठ ठिवून दिली. मला वाटलं हुतं मी मोठी फी भरतोय.

तिसरं पत्र मंग आलं, तुझं फोनचं. ते मी एकदाच वाचलं. तू त्येचं मनाला लावून घिऊ नको. ते नाव मी बनवलं म्हणून तुझ्या तोंडात आलं.

लाभपाचमीला दुकान उघडलं. पूजा झाली, शेठनं सगळ्यांना गूळ-धणे वाटले. कागद चोपड्यांखाली हुता, त्येच्यावर कुंकू पडलेलं. मी सगळ्यांच्या देखत म्हणलं, शेठ, माझा कागद मला परत द्या. शेठला वाटलं मी जास्त कायतरी मागतोय. म्हणला, "अरे भाई, फी कंपनी भरणार, तुझा एक पैसा जात न्हाई."

मी म्हणलं, "फी मीच भरणार. एकट्या माणसाला कमी हाय. सवलत हाय."

आक्का, त्यो शब्द मी भरल्या दुकानात बोललो. कुणी मागं वळूनबी बघितलं न्हाई. एक पोरगं गूळ चघळत हुतं, ते चघळत ऱ्हायलं.

शेठ म्हणला, "आन् ही सही?" मी म्हणलं, ती माझी न्हाई. माझं नाव कांबळे. शेठ चष्म्यावरनं बघत म्हणला, "कुंडलकरचा कांबळे कधी झालास?" मी म्हणलं, "पहिल्यापासनं." हंबीरराव दाराशी हुबा हुता. त्यो खाली बघत हुता.

शेठ माणूस वाईट न्हाई. त्यानं कागद दिला. कुंकू झाडून दिला. पण म्हणला, "लोखंड माझं, वेल्डिंग माझी, यंत्र हितंच ऱ्हाईल. आन् खोट्या नावाच्या माणसाला मी गल्ल्याजवळ फिरू दिलं, ह्ये मला आवडलं न्हाई. महिन्याचं काम पुरं कर, मंग दुसरीकडं बघ." त्येचं चुकलं असं मला म्हणता यीना. हंबीररावानं काढलेलं ड्रॉइंगबी कंपनीच्या नावाचं हुतं, ते तिथंच ऱ्हायलं.

आता यंत्र शेठकडं, ड्रॉइंग शेठकडं, आन् माझ्याकडं नुसता फाडायचा कागद. उद्या तिथं कुणी खाच बघितली की संपलं. अर्ज लगीच जायाला पायजे. चार रात्री मी स्वतः ड्रॉइंग काढत बसलो. माझी रेघ तुला म्हाईत हाय. नळी काढली तर ती वाकडी काकडी दिसती. हंबीरराव पलीकडं भिताडाकडं तोंड करून झोपलेला. त्येला मागायचं तोंड मला न्हवतं.

काल त्यो सुट्टीवर गावी गेला. पहाटंची गाडी हुती. मी जागा हुतो, पर डोळे मिटून पडलो. त्यानं कायतरी माझ्या पेटीवर ठेवलं आन् गेला. दार हळूच लावलं.

उठून बघितलं तर जाड कागदावर नवीन ड्रॉइंग. पातं, दांडा, नळी, खाच, सगळं. खाचंत डोळासुदिक काढलाय, बारीक कोंब फुटल्यासारखा. कवा काढलं म्हाईत न्हाई, वर्कशॉपात थांबून काढलं असणार. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. वरच्या डाव्या कोपऱ्यात मिलिटरीतल्यासारख्या सरळ इंग्रजी अक्षरात नाव. मिलिंद नाथाजी कांबळे. बाचं नाव त्येला मी कवा सांगितलं हुतं, मला आठवत न्हाई.

ते ड्रॉइंग ह्या पत्रासंगं हाय. यंत्राची माहितीबी लिहिली हाय, चुका काढून टाइप कर. फीचा ड्राफ्ट जोडलाय. सवलतीचा. साहेबांना सांग, पोराला सवलतीत बसवा.

एक गोष्ट ऱ्हायली, ती तुलाच सांगतो. ते नाव दिसल्याबरोबर मी पहिल्यांदा त्येच्यावर हात ठेवला. झाकलं. खोलीत कुणी न्हवतं. दार लावलेलं हुतं, भायेर अंधार. तरी हात गेला. वर्गात बसून ऱ्हायलो हुतो त्या दिवशी वाटली न्हवती एवढी लाज मला त्या हाताची वाटली. मंग हात उचलला आन् अक्षरं फिसकटली न्हाईत ना ते बघितलं. न्हाई फिसकटली. शाई वाळलेली हुती.

आईला सांग, सायकल न्हाई, नुसता एक पाय दाबायचा.

पाकिटावर आता पूर्ण नाव लिही. पोस्टमनला मी सांगून ठेवलंय.

तुझा भाऊ
मिलिंद नाथाजी कांबळे